वाघीण रिकामी कधी झाली? डभोईच्या मालधक्क्यावरचे छप्पनच्या दुष्काळातले एक प्रकरण

प्रकरण कुणाचे

वडोद्यातल्या एका जुन्या मराठी घरात, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तीन वह्या निघाल्या. दोन पूर्ण मोडीत, तिसरी अर्धी मोडीत आणि अर्धी इंग्रजीत. घरच्यांनी त्या माझ्याकडे आणल्या, कारण माझी सगळी नोकरी मालगाड्यांच्या कामात गेली आणि मोडी मला अडखळत का होईना, वाचता येते. वह्या लिहिणारे गृहस्थ त्या घरातले खापरपणजोबा. गायकवाडांच्या अरुंद रुळांच्या रेल्वेवर ते टॅली क्लार्क, म्हणजे माल मोजून घेणारे कारकून, म्हणून चिकटले आणि मालवाहतुकीचे काम पाहणारे वरिष्ठ म्हणून निवृत्त झाले. घरात त्यांना तात्या म्हणत. मीही तेवढेच म्हणतो. नाव, आडनाव आणि नेमका हुद्दा कुटुंबाच्या इच्छेवरून गाळला आहे.

पस्तीस वर्षांच्या नोकरीतले मी इथे फक्त आठ-नऊ महिने घेतले आहेत, १८९९ च्या दिवाळीपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंतचे. मालाच्या कामात माणूस काय शिकतो आणि कुठे चुकतो, हे त्या महिन्यांत जितके उघडे दिसते तितके बाकीच्या वर्षांत दिसत नाही.

पार्श्वभूमी

बडोदे संस्थानच्या खंडेराव महाराजांनी १८६२ साली डभोई-मियागाम ही लाईन घातली तेव्हा तिच्यावर बैल गाडी ओढत. रुंदी २ फूट ६ इंच. एखाद्या हिंदी संस्थानाने स्वतः घातलेली ही पहिली रेल्वे. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मियागामला मुंबईकडे जाणारी बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेची मोठी लाईन होती. कापूस तिथवर लवकर पोचवायचा, एवढाच हेतू. पुढच्या वर्षी इंजिने आणून पाहिली, पण हलके रूळ त्यांच्या वजनाला टिकेनात. रूळ बदलल्यावर पुढे इंजिन कायमचे आले. मग डभोईहून चांदोद, बहादरपूर, वडोद्याचे गोयागेट अशा फांद्या फुटत गेल्या आणि डभोई हे अरुंद रुळांचे मोठे जंक्शन झाले. रेल्वे गायकवाडांच्या मालकीची, चालवायला मोठ्या लाईनवाली कंपनी, अशी व्यवस्था होती.

गोयागेटची फांदी झाली त्या सुमारास तात्या नोकरीला लागले. वडील सरकारी कचेरीत कारकून, घरात मोडी आणि हिशेब बाळकडूसारखे. इंग्रजी शाळेत थोडेफार झालेले. पहिली नेमणूक मियागामला.

मियागाम ही त्यांची खरी शाळा. एका बाजूला साडेपाच फुटी रूळ, दुसऱ्या बाजूला अडीच फुटी, मध्ये फलाट. मोठ्या वाघिणीतले, म्हणजे मालडब्यातले, पोते हमालाच्या पाठीवरून छोट्या वाघिणीत जायचे आणि कापसाची गासडी उलट दिशेने यायची. मध्ये पाटी घेऊन उभा टॅली क्लार्क. पोते फाटके आहे का, शिवण उसवली आहे का, बिल्टीवरचा (मालाच्या पावतीवरचा) आकडा आणि पाठीवरून गेलेला आकडा जुळतो का, हे सगळे त्याने पाहायचे. एक मोठी वाघीण उतरवायची तर छोट्या तीन-चार हव्यात. त्या वेळेवर आल्या नाहीत तर मोठी अडते आणि मोठी अडली की मुंबईपर्यंत बोंब जाते. हे गणित तात्यांच्या अंगात तिथे मुरले. पुढे गुड्स क्लार्क, मग फिरता तपासनीस, आणि १८९९ मध्ये डभोईला बसून सगळ्या फांद्यांवरच्या वाघिणी वाटणारा माणूस, असा प्रवास झाला. वय चाळिशीच्या आत-बाहेर.

अडचण

१८९९ चा पाऊस आलाच नाही. विक्रम संवत १९५६, म्हणून गुजरातेत त्याला आजही छप्पनियो म्हणतात. एरवी दिवाळीनंतर डभोईच्या जिनांपुढे, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यांपुढे, कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. त्या वर्षी जिने बंद राहिली. कापूस नाही म्हटल्यावर मालधक्का ओस पडेल, असे कुणालाही वाटले असते. झाले उलटे. वाहतुकीची दिशाच फिरली. एरवी माल डभोईहून मियागामला जायचा, आता मियागामहून आत येऊ लागला. मुंबई बंदरात उतरलेला रंगूनचा तांदूळ आणि दक्षिणेकडच्या जंगलांतून कापून दाबलेले गवत. बाहेर जाताना काय? गुरांची कातडी आणि हाडे. वहीत या मालाची पहिली नोंद मार्गशीर्षातली आहे. पुढे पाने उलटत जावे तशी ती नोंद लांबत जाते. तिथे मला वही मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन यावे लागले.

वाघिणी तेवढ्याच होत्या आणि मागणी तिपटीने वाढल्यासारखी होती. पण तात्यांच्या नोंदी नीट लावून पाहिल्या तर खरी कमतरता वाघिणींची नव्हती. माल भरलेल्या वाघिणी डभोईच्या साइडिंगवर (बाजूच्या रुळांवर) दिवसचे दिवस उभ्या होत्या. मियागामला रिकाम्या वाघिणीची वाट पाहत मोठी गाडी थांबलेली आणि डभोईला धान्याने भरलेली वाघीण रिकामी व्हायची वाट पाहत उभी. ही कोंडी कशाने झाली, ते सांगतो.

वाघीण ठरलेल्या मुदतीत रिकामी केली नाही की मालाच्या धन्याकडून दर दिवसाला डेमरेज घेतात. हा दर चांगल्या वर्षाचा हिशेब धरून ठरवलेला असतो. बाजारात धान्याचा भाव रोज चढत असेल, तर डेमरेज भरूनही व्यापारी फायद्यात राहतो. शिवाय वाघिणीला कुलूप आहे आणि रेल्वेचा पहारा आहे. भुकेल्या गावात स्वतःच्या वखारीत धान्य भरण्यापेक्षा वाघीणच सुरक्षित. गावातल्या एका मोठ्या आडत्याने, आणि त्याचे पाहून आणखी दोघा-तिघांनी, वाघिणींचीच गोदामे केली होती. मी नोकरीत असताना सिमेंटच्या टंचाईत हाच खेळ पाहिला आहे. माल वेगळा होता, डाव तोच होता.

ज्या घरात तात्या भाड्याने राहत होते ते घर त्याच आडत्याचे होते.

समोर कोणते मार्ग होते

पहिला मार्ग नियमाचा. डेमरेज लावत राहायचे, वर कळवायचे, उत्तराची वाट पाहायची. यात तात्यांवर कुणी बोट ठेवले नसते.

दुसरा, डेमरेजचा दर वाढवून घेणे. हे त्यांच्या हातात नव्हते. कागद वडोद्याला, तिथून मुंबईला आणि परत, असा फिरला असता.

तिसरा, जो आडत्या वाघीण अडवतो त्याच्या नावाचा नवा माल वाघिणीत भरणे मियागामलाच रोखणे. हा मार्ग वरून साधा दिसतो. पण त्याच आडत्याकडून सरकारी मदतकेंद्रांनाही धान्य जात होते. त्याची भरती रोखली तर पहिला चटका केंद्रावरच्या माणसांना बसणार.

चौथा मार्ग म्हणजे वाघिणी सरळ उघडून माल धक्क्याबाहेरच्या मैदानात उतरवणे. धक्क्याची शेड लहान, त्यामुळे एरवी हा विचार कुणी केला नसता, कारण धान्य पावसात भिजले तर भरपाई रेल्वेच्या माथी येते. पण त्या वर्षी पाऊसच नव्हता. जून उजाडेपर्यंत आभाळातून थेंब पडायची शक्यता नव्हती. भीती होती ती चोरीची, आणि पहारा ठेवायला माणसे लागतात.

याशिवाय मियागामचा ताण कमी करून काही माल वडोद्याकडच्या विश्वामित्री आणि गोयागेटच्या बाजूने आणता आला असता. या मार्गाचा वह्यांत उल्लेख आहे, पण फार उशिराचा. त्याकडे पुढे येतो.

काय केले, कशा क्रमाने

सुरुवातीचे जवळजवळ दोन आठवडे तात्यांनी पहिला मार्ग धरला. डेमरेजच्या पावत्या फाडल्या आणि वर पत्रे लिहिली. पत्रांच्या नकला वहीत आहेत आणि त्या फार चोख आहेत. चोख पत्र लिहिले की काम झाल्यासारखे वाटते, हा आपल्या धंद्यातला जुना रोग आहे. घराचा मालक तोच आडत्या होता, हे मात्र एकाही पत्रात नाही.

मग एका संध्याकाळी त्यांनी एक वेगळीच यादी केली. प्रत्येक उभ्या वाघिणीसमोर आली कधी, भरून किती दिवस झाले आणि धनी कोण, हे लिहिले. यादी पुरी झाल्यावर निम्म्याहून अधिक वाघिणींपुढे एकच नाव आले. त्या रात्री त्यांनी चौथा मार्ग ठरवला आणि सकाळी शिपायाबरोबर नोटीस पाठवली की दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापर्यंत वाघिणी रिकाम्या झाल्या नाहीत तर माल मैदानात उतरेल.

आडत्या रात्री घरी आला. ही गोष्ट त्या कुटुंबात चार पिढ्या सांगितली जाते, वहीत ती नाही. तो ओसरीवर बसला, पाणी घेतले आणि म्हणाला, "तात्यासाहेब, घर तुमचंच समजा. भाड्याचा तगादा मी कधी लावलाय का?" तात्या म्हणाले, "शेठ, म्हणूनच या महिन्याचं भाडं आजच घेऊन जा." पैसे मोजून दिले. दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर हमाल लागले. महिना संपायच्या आत तात्यांनी घरही सोडले आणि स्टेशनजवळ दोन खोल्यांत बिऱ्हाड हलवले. घरातल्या बायकांना त्याचा त्रास झाला, असे ऐकले.

मैदानात उतरलेल्या पोत्यांच्या राशीवर पहाऱ्याला त्यांनी हमालांचीच घरची माणसे बसवली आणि मजुरी धान्यात ठरवली. चोरी अगदीच झाली नाही असे नाही, पण जी झाली ती पोत्याला भोक पाडून ओंजळभर नेण्याइतकीच. तूट म्हणून त्यांनी ती मुकाट्याने लिहून टाकली.

वाघिणी फिरू लागल्या तसा पुढचा प्रश्न आला. धान्य आधी की गवत? इथे तात्या चुकले, असे माझे मत आहे. गवत दाबून बांधले तरी जागा फार खाते. छोटी वाघीण गवताने गच्च भरली तरी वजन थोडेच. शिवाय दुष्काळात गवताला सवलतीचे भाडे. वजनाच्या रकान्यात आणि उत्पन्नाच्या रकान्यातही गवताची वाघीण केविलवाणी दिसते. तात्या वीस वर्षे वजन मोजत आले होते. पहिले दोन महिने त्यांनी धान्याला झुकते माप दिले आणि गवत मियागामला पडून राहिले. माणसे आधी, जनावरे नंतर, असे त्यावर उत्तर देता येईल आणि ते खोटे नाही. पण शेतकऱ्याचा बैल गेला की त्याचे पुढचे वर्षही गेले. फेब्रुवारीच्या सुमाराला त्यांनी क्रम बदलला आणि रोज एका गाडीतल्या ठरावीक वाघिणी गवतासाठीच राखल्या. इंजिनाच्या ठिणग्यांनी गवत पेटू नये म्हणून धान्याच्या वाघिणी इंजिनामागे आणि गवत अगदी शेवटी, गार्डाच्या डब्याजवळ, पाण्याच्या बादल्यांसह. ही रचना त्यांनी एका वाघिणीला आग लागून गेल्यावर केली, आधी नव्हे.

कातड्यांचा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल. ज्या वाघिणीतून कातडी आणि हाडे गेली तिच्यात परतताना तांदूळ भरता येत नाही. वास पोत्यात बसतो. म्हणून काही वाघिणी कातड्यांसाठी वेगळ्या काढाव्या लागल्या. त्यांच्यावर चुन्याची फुली मारली. एका खलाशाने (रेल्वेच्या मजुराने) मनापासून वाघीण धुतली, फुलीही धुऊन गेली आणि त्यात तांदूळ भरला गेला. तो तांदूळ मदतकेंद्राने नाकारला. दुसऱ्या दिवसापासून फुली डांबराची.

मे महिन्यात पटकी (कॉलरा) आली. मियागामच्या फलाटावरचे हमाल दोन रात्रींत पांगले आणि त्यांना दोष द्यावा असे काही नव्हते. तात्या स्वतः मियागामला जाऊन राहिले. मदतकेंद्रावरची माणसे कामाला घेतली, पण दोन-अडीच मणांचे पोते उचलायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. पोती फोडून अर्धी करावीत, तर परत तोलणे आणि शिवणे आले, आणि वेळ दुप्पट. शेवटी पोत्याला दोर बांधून, मध्ये वासा घालून, दोघा-दोघांनी न्यायचे ठरले. मजुरी संध्याकाळी मिळायची. दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस वासा खांद्यावर असतानाच कोसळला. तिसऱ्या दिवसापासून तात्यांनी क्रम उलटा केला. सकाळी आधी खिचडी, मग काम. या खर्चाला कोणत्याही खात्यात जागा नव्हती. त्यांनी तो सुतळीच्या खात्यात टाकला.

काय झाले

कोंडी फुटली. नोंदींवरून दिसते की नोटिशीच्या आधी डभोईला वाघीण जितके दिवस अडकत होती, त्याच्या एक-तृतीयांश वेळात ती महिनाभराने मोकळी होऊ लागली. मियागामला मोठ्या गाड्यांची रांग लागणे थांबले. आडत्याने तक्रार केली, चौकशी झाली, तात्यांचे म्हणणे ग्राह्य धरले गेले.

पण या यशाला फार मोठे म्हणावे असा तो काळ नव्हता. १८९१ च्या खानेसुमारीत बडोदे संस्थानची लोकसंख्या २४ लाखांवर होती, १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. वाघिणी वेगाने फिरल्या म्हणून काही गावांत धान्य आठवडाभर आधी पोचले असेल, याहून मोठा दावा मी करणार नाही. पाऊस आला तेव्हा नांगराला बैल नव्हते. पाऊस सुरू झाल्यावर मैदानातली शेवटची रास भिजली, कारण ताडपत्र्या मागवायचे पत्र तात्यांनी जूनमध्ये लिहिले होते, मे महिन्यात नाही.

वर्षभराने हिशेबतपासनिसाने विचारले की मियागामला एवढी सुतळी लागली कशाला. तात्यांनी खरे काय ते लिहून दिले. रक्कम त्यांच्या पगारातून हप्त्यांनी वळती झाली आणि सेवापुस्तकात शेरा बसला.

वेगळे काय करता आले असते

घरमालकाची गोष्ट त्यांनी पहिल्याच पत्रात लिहायला हवी होती. दोन आठवड्यांच्या दिरंगाईत भिडेचा वाटा किती आणि नियमाच्या सवयीचा किती, ते आज सांगता येत नाही. त्या दिवसांत त्यांनाही ते सांगता आले नसते. म्हणूनच असली बाब स्वतःच्या मनाशी न तोलता वर कळवून मोकळे व्हायचे असते. चौकशीत आडत्याने नेमका हाच मुद्दा काढला की भाड्यावरून बिनसले म्हणून तात्यांनी सूड उगवला. तो टिकला नाही, पण टिकू शकला असता. वरच्या कागदांत आधीची एक ओळ असती तर तो निघालाच नसता.

नोटिशीच्या आधीची ती यादी तर पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. तोवर डभोईच्या रोजच्या तक्त्यात फक्त किती वाघिणी भरल्या आणि किती आल्या हे लिहीत. आलेली वाघीण रिकामी कधी झाली याचा रकानाच नव्हता. रकाना नाही म्हणून प्रश्न दिसला नाही आणि सगळे जण वाघिणी कमी आहेत म्हणून ओरडत राहिले. नव्या वाघिणी आल्या असत्या तर त्याही साइडिंगवर जाऊन उभ्या राहिल्या असत्या.

विश्वामित्रीची वाट त्यांना एप्रिलमध्ये सुचली. मियागामशी त्यांचे वीस वर्षांचे नाते, माल तिथूनच यायचा हे त्यांच्या डोक्यात पक्के बसलेले. गोयागेटच्या क्लार्कला डिसेंबरमध्ये नुसते विचारले असते तरी निदान गवताचा काही भाग त्या बाजूने वळला असता आणि धान्य की गवत हा पेच इतका टोकाला गेला नसता.

खिचडीबद्दल मी बराच विचार केला. सुतळीच्या खात्यात खर्च टाकणे चूक होते, हे मी नव्या माणसांना शिकवताना नेहमी सांगत आलो. त्यांनी त्याच दिवशी वर तार करून खर्च स्वतःच्या जबाबदारीवर करतो आहे असे कळवले असते, तर शेरा कदाचित टळला असता. पण परवानगी येईपर्यंत खिचडी थांबवायची होती का, असे कुणी विचारले तर माझे उत्तर नाही असेच आहे.

पुढची नोकरी

शेऱ्यामुळे त्यांची बढती काही वर्षे अडली, मग मिळाली. डभोईच्या तक्त्यात त्यांनी 'रिकामी' असा रकाना स्वतःच्या हाताने आखला आणि नंतर छापील तक्ता आला तेव्हा तो आग्रहाने छापून घेतला. संस्थानाने १९२१ मध्ये रेल्वेचा कारभार थेट आपल्या हाती घेतला तेव्हा तात्या निवृत्त होऊन वडोद्याला राहत होते.

तिसऱ्या वहीच्या शेवटच्या पानांवर सुतळीच्या वळतीचा हिशेब आहे. दर महिन्याची रक्कम, तारीख आणि सही. शेवटचा हप्ता फिटला तिथे त्यांनी एक आडवी रेघ मारली आहे आणि तिच्याखाली, दुसऱ्या शाईने, कोसळलेल्या त्या हमालाचे नाव.